छोट्या व्यवसायासाठी भरवशाचा इंटरनेट फोन कसा निवडावा

तांब्याच्या तारेवरचा जुना लँडलाइन वीज गेली तरी वाजायचा, कारण त्याला लागणारी ४८ व्होल्टची वीज टेलिफोन एक्स्चेंजमधूनच यायची. इंटरनेटवरच्या फोनला हा आधार नाही. ऑफिसातली वीज, राउटर, फायबर किंवा फोन कंपनीचा सर्व्हर, यांतलं एक जरी थांबलं तरी फोन मुका होतो. म्हणून रेकॉर्डिंग, डॅशबोर्ड आणि आयव्हीआर (‘एक दाबा, दोन दाबा’ सांगणारा आवाज) नंतर बघावेत. आधी विक्रेत्याला एवढंच विचारावं: आमच्याकडची लाइन पूर्ण बंद असताना गिऱ्हाइकाने फोन लावला, तर तो कॉल कुठे जाईल? याचं सरळ उत्तर मिळत नसेल तर पुढची बोलणी करू नयेत.

उदाहरणासाठी पुण्यातली आठ माणसांची पॅथॉलॉजी लॅब घेऊ. सकाळी घरी येऊन रक्त नेण्यासाठी फोन येतात, दुपारनंतर रिपोर्टची चौकशी होते. ०२० चा जुना नंबर गेली अनेक वर्षं रिपोर्टवर आणि डॉक्टरांच्या टेबलावर आहे. दुकान, ट्रॅव्हल एजन्सी किंवा एमआयडीसीतलं वर्कशॉप असलं तरी हिशोब हाच.

पायरी १: एका वेळी किती कॉल, ते मोजा

माणसं आठ म्हणून लाइनी आठ लागत नाहीत. सर्वांत गर्दीचा तास धरा. त्या तासात २० कॉल येतात आणि प्रत्येक सरासरी ३ मिनिटं चालतो, म्हणजे ६० मिनिटांचं बोलणं झालं. टेलिफोन अभियंते यालाच १ अर्लांग म्हणतात. एवढ्या कामाला २ लाइनी ठेवल्या तर दर पाचातल्या एका माणसाला लाइन व्यस्त मिळते. ३ ठेवल्या तर सोळांतल्या एकाला, ४ ठेवल्या तर साधारण पासष्टांतल्या एकाला. पाचवीवर हे प्रमाण सव्वातीनशेत एकावर येतं. या लॅबला ४ पुरेत. विक्रेता १० चॅनेलचं, म्हणजे १० लाइनींचं, पॅकेज पुढे करत असेल तर हा हिशोब त्याच्यासमोर मांडा.

पायरी २: प्रकार ठरवा

एक-दोन माणसांच्या दुकानाला फायबर कनेक्शनबरोबर मिळणारा फोन पुरतो. फायबर जिथे येऊन संपतं त्या भिंतीवरच्या ओएनटी डब्यावर फोनचं पोर्ट असतं, त्यात साधा फोन जोडायचा. जास्तीचं काही विकत घेऊ नका.

दुसरा प्रकार क्लाउड टेलिफोनीचा. गिऱ्हाईक एका व्हर्च्युअल नंबरवर फोन करतं आणि कंपनीचा सर्व्हर तो कॉल तुमच्या माणसांच्या मोबाइलवर वळवतो. आवाज मोबाइल नेटवर्कवरून येत असल्याने ऑफिसचं इंटरनेट बंद असलं तरी फरक पडत नाही. फिरतीवर माणसं असतील तर हाच घ्यावा. मात्र बिल नीट वाचा. तुम्ही गिऱ्हाइकाला फोन करता तेव्हा सर्व्हर आधी तुम्हाला आणि मग त्याला जोडतो, आणि बऱ्याच योजनांत दोन्ही बाजूंचे पैसे लागतात. त्यात पल्स (बिलाचं सर्वांत लहान माप) ६० सेकंदांचा असेल तर ६५ सेकंदांचं बोलणं दोन्हीकडे दोन-दोन मिनिटं, म्हणजे एकूण चार मिनिटं धरलं जातं. शिवाय गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर तुमचाच नंबर दिसतो की कंपनीच्या साठ्यातला भलताच कुठला, हे लेखी घ्या. अनोळखी नंबर लोक उचलत नाहीत.

तिसरा प्रकार एसआयपी ट्रंकचा. परवानाधारक टेलिकॉम कंपनीकडून इंटरनेट-पद्धतीच्या लाइनी घ्यायच्या आणि त्या आयपी-पीबीएक्सवर, म्हणजे ऑफिसातल्या फोनांना कॉल वाटून देणाऱ्या यंत्रणेवर, उतरवायच्या. पीबीएक्स ऑफिसात ठेवता येतो किंवा कंपनीच्या क्लाउडमध्ये. टेबलावर आयपी फोन असतात, एक्स्टेन्शन (प्रत्येक फोनचा आतला नंबर) असतात, कॉल एकीकडून दुसरीकडे देता येतो. एका जागी बसून दिवसभर फोन घेणाऱ्या लॅबला हे सोयीचं. ट्रंक उघड्या इंटरनेटवरून येणार की कंपनीच्या स्वतंत्र फायबरवरून, हे विचारा. स्वतंत्र फायबर महाग पडतं, पण कोणी मोठी फाइल चढवली म्हणून बोलणं तुटत नाही.

फार स्वस्त दरात ‘कुठेही बोला’ म्हणणारे, ज्यांचे कॉल दर वेळी वेगळ्या मोबाइल नंबरवरून दिसतात, ते टाळा. दूरसंचार विभागाच्या परवान्याशिवाय सिम बॉक्सवरून (अनेक सिम लावलेल्या यंत्रावरून) कॉल फिरवणं हा गुन्हा आहे. परवान्याची प्रत मागा आणि कंपनीच्या नावाचं जीएसटी बिल घ्या.

पायरी ३: जुन्या नंबरची सोय लावा

सर्वाधिक गोंधळ इथे होतो. मोबाइलसारखी पोर्टेबिलिटी भारतात लँडलाइनला नाही. एका कंपनीचा ०२० चा नंबर दुसऱ्या कंपनीच्या ट्रंकवर नेता येत नाही. आधी जुन्या कंपनीलाच विचारा, त्याच नंबरवर ती एसआयपी देते का. देत नसेल तर दोन मार्ग उरतात. जुनी लाइन चालू ठेवून तिच्यावर कायमचं कॉल फॉरवर्डिंग लावायचं, किंवा एफएक्सओ पोर्ट असलेला छोटा गेटवे (जुनी लाइन इंटरनेट फोनला जोडणारा डबा) घेऊन ती लाइन नव्या पीबीएक्समध्ये आणायची. गेटवे मागवताना एफएक्सओ म्हणजे बाहेरची लाइन आत घेणारं पोर्ट आणि एफएक्सएस म्हणजे साधा फोन जोडायचं पोर्ट, हे ध्यानात ठेवा. चुकीचा डबा येण्याचं नेहमीचं कारण हेच.

पायरी ४: इंटरनेट तपासा, पण वेग नव्हे

जी.७११ कोडेकवर (आवाजाचे आकडे करण्याची एक पद्धत) एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ किलोबिट प्रतिसेकंद लागतात. चार कॉलांना ३५० धरा. १०० मेगाबिटच्या फायबरवर हे काहीच नाही. तरीही आवाज चिरका येतो, कारण वेग असून भागत नाही, आवाजाचे तुकडे वाहणारी पाकिटं (पॅकेट) वेळेवर पोहोचावी लागतात. दर सेकंदाला ५० छोटी पाकिटं जात असतात. त्यांच्या रांगेत कोणी एक्स-रेची किंवा सीसीटीव्हीची मोठी फाइल चढवली की ती मागे अडकतात.

तपासणी अशी करा. लॅपटॉप केबलने राउटरला जोडा आणि फोन कंपनीच्या सर्व्हरला ५०० वेळा पिंग (उत्तर किती वेळात येतं ते मोजणारा छोटा संदेश) द्या. शेजारच्या कॉम्प्युटरवरून त्याच वेळी मोठा व्हिडिओ अपलोड करत राहा. हरवलेली पाकिटं १ टक्क्याच्या आत हवीत, पिंगच्या वेळेतला चढउतार ३० मिलिसेकंदांच्या आत हवा, आणि आवाज एका बाजूने पोहोचायला १५० मिलिसेकंदांहून जास्त लागू नयेत. पिंग जाऊन-येऊनचा वेळ दाखवतं, म्हणून तिथे ३०० ही शेवटची मर्यादा धरा. अपलोड नसताना आकडे चांगले आणि अपलोड लावताच बिघडतात, असं दिसलं तर कनेक्शन बदलायची गरज नाही. राउटरवर क्यूओएस लावून फोनच्या पाकिटांना अग्रक्रम द्या, आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर बांधा.

टेबलावरचे फोन वायफायवर ठेवू नका. कॅट-६ केबल आणि पीओई स्विच वापरा. फोनला वीज त्याच केबलमधून मिळते, म्हणजे पुढचं कामही सोपं होतं.

पायरी ५: वीज आणि दुसरी लाइन

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी महावितरणचा पुरवठा बंद राहतो, हे धरूनच चाला. ओएनटी आणि राउटर मिळून २५ वॉट, स्विच आणि आठ फोन मिळून ४५, असे एकूण ७० वॉट लागतात. कॉम्प्युटरच्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते, ती अर्धा तास टिकेल. १५० अँपिअर-अवरचा इन्व्हर्टर असेल आणि त्यावर लाइट-पंखे फारसे नसतील, तर दहा तासांहून जास्त चालेल. पण इन्व्हर्टरच्या मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे ना, ते बघा. साध्या मोडवर पुरवठा बदलायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात राउटर आणि सगळे फोन पुन्हा सुरू होऊ लागतात, आणि दोन-तीन मिनिटं कॉल येत नाहीत.

तुमची वीज असून नेट जाईल, असंही होतं. स्थानिक केबलवाल्याचा स्विच गल्लीतल्या खांबावर असेल आणि त्याला बॅटरी नसेल, तर गल्लीची वीज गेली की नेट गेलं. वाटेत वीज न लागणारं जीपॉन फायबर आहे का, हे आधी विचारा. दुसरं कनेक्शन घेताना कंपनी वेगळी असून भागत नाही, तारेचा मार्गही वेगळा हवा. रस्ता खोदला गेला की एकाच चरातल्या दोन्ही तारा तुटतात. छोट्या ऑफिसला ४जी किंवा ५जी सिमचा राउटर दुसरी लाइन म्हणून पुरेसा असतो. लाइन बदलताना चालू कॉल तुटतील, ते टळत नाही. फोनमध्ये रजिस्ट्रेशनचा (फोनने सर्व्हरकडे पुन्हा नोंद करण्याचा) कालावधी ६० ते १२० सेकंद ठेवला, तर नवे कॉल दोन मिनिटांच्या आत येऊ लागतात.

या सगळ्यानंतरही ऑफिस अंधारात गेलंच, तर? कंपनीच्या पॅनेलमध्ये ‘एक्स्टेन्शन नोंदलेलं नसेल तेव्हा’ असा फॉरवर्डिंगचा पर्याय असतो. तिथे दोन मोबाइल नंबर क्रमाने भरा. हा पर्याय कंपनीच्या सर्व्हरवर हवा. तुमच्या पीबीएक्समध्ये असेल तर पीबीएक्स बंद पडताच तोही गेला.

पायरी ६: पैसे भरण्याआधी दोन आठवडे चाचणी

वर्षाचे पैसे आगाऊ भरू नका. चाचणीचा नंबर मागा आणि या गोष्टी करून बघा.

फायबरची तार काढा आणि बाहेरून फोन लावा. मग मेन स्विच पाडून तेच करा. एक कॉल २० मिनिटं चालू ठेवा. तो साधारण ३० सेकंदांनी तुटत असेल तर जोडणीची पोच सर्व्हरपर्यंत जात नाही, आणि बरोबर १५ मिनिटांनी तुटत असेल तर सेशन टायमर (कॉल चालू आहे का ते ठरावीक वेळाने तपासणारं घड्याळ) जुळत नाही. आवाज एकाच बाजूने येत असेल तर राउटरमधलं एसआयपी एएलजी हे सेटिंग बंद करा. नावाने मदतीचं वाटलं तरी ते पाकिटांतले पत्ते बिघडवतं. फोन काही मिनिटं शांत राहिला की येणारे कॉल वाजत नाहीत, असं दिसलं तर राउटर जोडणी विसरतो आहे. कीप-अलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संदेश) ३० सेकंदांवर आणा. एखाद्या बँकेच्या आयव्हीआरला फोन करून आकडे दाबा. ते ओळखले जात नसतील तर डीटीएमएफची (दाबलेले आकडे पाठवण्याची) पद्धत आरएफसी २८३३ ठेवा.

कंपनीच्या मदत कक्षाला रविवारी संध्याकाळी फोन करा. मराठी किंवा हिंदी बोलणारा, तुमचं खातं उघडून बघू शकणारा माणूस मिळतो का, ते कळेल. ‘९९.९ टक्के अपटाइम’ म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटं बंद, ९९.५ म्हणजे साडेतीन तासांहून थोडं जास्त. हा आकडा त्यांच्या सर्व्हरचा असतो, तुमच्या लाइनचा नव्हे.

पायरी ७: कुलूप लावा

पीबीएक्स ऑफिसात असेल तर ५०६० हे पोर्ट (इंटरनेटवरून पीबीएक्समध्ये शिरायचं दार) सगळ्या जगासाठी उघडं ठेवू नका. १०१ क्रमांकाच्या एक्स्टेन्शनला १०१ हाच पासवर्ड असला की रात्रीतून परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल होतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. पासवर्ड किमान १६ अक्षरांचा ठेवा. आयएसडी बंद ठेवायला कंपनीला लेखी सांगा आणि रोजच्या खर्चाला मर्यादा लावून घ्या. घरून काम करणाऱ्यांना व्हीपीएन (ऑफिसशी बंदिस्त जोडणी) द्या.

नंबर गमावण्याचा आणखी एक रस्ता आहे. ‘हेल्थ चेकअप पॅकेज’ विकण्यासाठी याच लाइनीवरून सरसकट कॉल लावू नका. १३ ऑगस्ट २०२४ रोजी ट्रायने (दूरसंचार नियामकाने) टेलिकॉम कंपन्यांना निर्देश दिले होते की नोंदणी न करता असे प्रचाराचे कॉल करणाऱ्याच्या सर्व लाइनी, एसआयपीसह, तोडाव्यात आणि त्याला दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकावं. प्रचार करायचाच असेल तर नोंदणी करून १४० ने सुरू होणारी नंबरांची मालिका घ्या आणि मुख्य नंबर त्यापासून दूर ठेवा.

करारावर सही करताना तीन गोष्टी लेखी हव्यात: सेवा सोडल्यावर नंबरचं काय होईल, रेकॉर्डिंग किती दिवसांत तुमच्या हाती देतील, आणि जागा बदलली तर तोच नंबर राहील का. जुनी लाइन मात्र नवी व्यवस्था पावसाळ्याचे दोन महिने नीट चाललेली दिसेपर्यंत बंद करू नका.