दुसरी कादंबरी प्रकाशकाकडे, तिसरीचा अभ्यास चालू : या चुका टाळा

गेल्या वर्षभरात चार-पाच जणांनी मला त्यांच्या दुसऱ्या कादंबरीचं बाड वाचायला दिलं आणि प्रत्येकात तेच घोळ होते जे मी स्वतः घालून बसलेय, म्हणून एकदाच लिहून टाकते, फोनवर तेच तेच सांगून घसा दुखतो. पहिलीच्या वेळी माणूस घाबरलेला असतो म्हणून सगळं दहादा तपासतो. दुसरीच्या वेळी शेफारतो, आणि त्यात तिसरीचा विषय डोक्यात शिरला असेल तर संपलंच, दुसरी म्हणजे नुसती घरातून काढायची अडगळ वाटायला लागते.

माझी दुसरी ७२च्या दुष्काळातली, माणदेशातली, म्हणजे सातारा-सांगली-सोलापूरकडच्या कोरड्या पट्ट्यातली. दुष्काळी कामावर खडी फोडणं, तिथं मिळणारी सुकडी, रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, सगळं तीन वर्षं डोक्यात मुरलेलं. तिसरी पानशेतच्या पुराची, म्हणजे धरण फुटून पाणी शिरलं ते १९६१चं पुणं. दुसरीवरचा शेवटचा हात आणि तिसरीचा अभ्यास एकाच उन्हाळ्यात आले.

तर पहिली आणि माझी सगळ्यात लाडकी चूक, शेवटच्या दोन दिवसांत पात्राचं नाव बदलणं. झालं असं की तिसरीसाठी एका आजींकडे जाऊन बसत होते, त्यांनी बोलता बोलता सासूचं नाव सांगितलं, काशी, आणि मला ते नाव तिसरीच्या नायिकेला हवंच हवं असं होऊन बसलं. आता दुसरीत आधीच एक काशी, खडी फोडायला जाणारी. म्हटलं हिची गोदा करू, काय जातंय. फाइंड, रिप्लेस ऑल, चारशे बारा ठिकाणी बदल केला असं कॉम्प्युटर म्हणाला, मी चहा टाकायला उठले आणि संध्याकाळी फाइल मेल करून मोकळी.

मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो हे मला शाळेपासून माहीत होतं, त्या दिवशी तेवढं आठवलं नाही. ‘काकाशी भांडला’चं ‘कागोदा भांडला’ झालं. ‘आकाशी लुगडं’ होतं ते ‘आगोदा लुगडं’. म्हातारा जातो तो प्रसंग, ज्यात मी जीव ओतला होता, तिथं ‘नाकाशी सूत धरलं’च्या जागी ‘नागोदा सूत धरलं’. संपादकबाईंचा फोन आला, “हे नागोदा म्हणजे तिकडचा शब्द आहे का?” खरं सांगते, मी क्षणभर हो म्हणणार होते.

पण हे निदान दिसतं तरी. जे दिसत नाही त्याची भीती जास्त. एक म्हातारी मरायच्या आधी काशीला जायचं म्हणत असते, ती आता गोदाला जायचं म्हणायला लागली, आणि गोदावरीवर जातातच की लोक, त्यामुळे मला, संपादकबाईंना, प्रुफं बघणाऱ्या काकांना, कुणालाच खटकलं नाही. दुसरी प्रुफं घरी आली तेव्हा आईनं सहज चाळताना विचारलं, अगं ही माणदेशातली बाई पंढरपूर ओलांडून गोदेवर कशाला निघालीय? तेव्हा कळलं.

‘पूर्ण शब्दच शोध’ अशी खूण करा म्हणून सल्ला देणारे भेटतील. करून बघा. काशी सापडते आणि काशीला, काशीनं, काशीचं सगळ्या तशाच राहतात, म्हणजे एकाच पानावर एका बाईची दोन नावं. मी आता नाव बदलायचंच असेल तर एकेक ठिकाणी थांबून, वाक्य वाचून बदलते, दोन-तीन तास जातात, जाऊ देत, तीन वर्षं लिहिलंय तर तीन तासांनी काय मरतंय. आणि एवढं सगळं करून तिसरीच्या नायिकेचं नाव आज काय आहे? इंदू.

दुसरी चूक, तिसरीचा अभ्यास दुसरीत सांडणं. नवीन काहीतरी वाचलेलं असतं, कुणाला सांगू कुणाला नको असं झालेलं असतं, आणि समोर उघडी असते ती जुनीच फाइल. माझ्या दुष्काळी कादंबरीत पुण्याहून एक आत्या येते, दोन दिवसांसाठी, भाचीला चार भांडी देऊन परत जाते, बस. तिला मी अडीच पानं पानशेत आठवायला लावलं. जवान रात्रभर वाळूची पोती रचत होते, मग पानशेत फुटलं, खाली खडकवासलाही फुटलं, घरांत पाणी आलं पण प्यायला पाणी नाही कारण शहराला पाणी खडकवासल्यातूनच यायचं, मग पूरग्रस्तांचे निसन हट, म्हणजे अर्धगोल छपराची घरं, लोकमान्यनगर, गोखलेनगर. समोर भाची घागर घेऊन टँकरची वाट बघत बसलीय आणि ही बया पूर सांगतेय! मला तो विरोधाभास फार भारी वाटला होता. संपादकबाईंनी समासात एवढंच लिहिलं होतं, “आत्याला मुक्कामाला ठेवायचंय का?”

काढली ती पानं. ती तिसरीतही बसली नाहीत हा भाग वेगळा, कारण ती अभ्यासाची पानं होती, कुणाच्या आयुष्याची नव्हती.

यावर माझी सवय सांगते, पद्धत वगैरे म्हणू नका. दोन शंभरपानी वह्या, दुसरीची निळी, तिसरीची लाल, आणि दुसरीची फाइल उघडी असताना लाल वही माळ्यावर. टेबलावर चालत नाही, हात जातो. बाड दिल्यावर दुसरीची प्रिंट सुतळीनं बांधून तीही माळ्यावर, चाळीस दिवस. मोबाइलमध्ये सगळं एकत्र ठेवणाऱ्यांनी मला शिकवायला येऊ नये.

अभ्यासाबद्दलच बोलायचं तर आठवणींवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. एका काकांनी मला छातीठोक सांगितलं की पूर आला तो रविवार होता, वडील घरीच होते, मटण आणलं होतं. मी मटणाचं अख्खं प्रकरण लिहिलं. पूर आला १२ जुलै १९६१ला, आणि त्या दिवशी बुधवार होता. दोन मिनिटांचं काम होतं, केलं नाही. काका खोटं बोलत नव्हते, त्यांच्या डोक्यात दोन दिवस एकमेकांत मिसळलेत एवढंच. आणि पाणी कुठवर आलं होतं हे विचारूच नका, ते सगळ्यांचं पाठ झालेलं असतं, वर्षानुवर्षं तेच सांगतात. चिखल कुणी काढला, किती दिवस, वास कधी गेला, हे विचारा, मग माणूस थांबतो आणि खरं आठवायला लागतो. वार, तारीख, वेळ यासाठी त्या आठवड्याचे पेपर आणि धरणफुटीची चौकशी करणाऱ्या न्या. नाईक आयोगाचा अहवाल. यूट्यूबवर दोन व्हिडिओ बघून ‘रिसर्च झाला’ म्हणणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही.

आता बाकीचं भराभर.

फॉन्ट. तुम्ही युनिकोडमध्ये लिहिता, बऱ्याच प्रकाशकांकडे पानं अजून श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये लागतात, मधल्या कन्व्हर्टरमध्ये ‘ऱ्य’ची वाट लागू शकते. माझ्या डोंगरातल्या ‘दऱ्या’ एकदा ‘दर्या’ होऊन आल्या, माणदेशात समुद्र. दऱ्या, वाऱ्यावर, शेतकऱ्यांचा, असे दहा शब्द कागदावर लिहून ठेवा आणि प्रुफात आधी तेच शोधा.

पहिल्या पुस्तकाचा करार काढून वाचा. पुढचं पुस्तक आधी त्यांनाच दाखवायचं असं कलम त्यात असू शकतं, आणि तुम्ही दुसरीकडे बाड देऊन पेढे वाटून मोकळे. नवीन करारात मुदत लिहून घ्या. ती लिहिलेली नसेल तर १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दिल्याची मुदत ५ वर्षं धरतात, पण हे प्रकाशकाला समजावत बसण्यापेक्षा आधीच आकडा टाकलेला बरा. ऑडिओ आणि ई-बुक वेगळं लिहा.

एकच बाड तीन ठिकाणी पाठवायचं असेल तर तिघांना तसं सांगा. पुण्यात हे लपत नाही.

दिवाळी अंकांच्या धामधुमीत पाठवू नका, ऑगस्ट ते ऑक्टोबर कुणाला मान वर करायला वेळ नसतो. सोबतच्या पत्रात पहिल्या पुस्तकाच्या कौतुकाची कात्रणं नकोत, एक पान गोष्ट सांगा, शेवटासकट. शेवट लपवून उत्सुकता वाढवणारे नवशिके बघितले की मला हसू येतं, अहो ते छापणार आहेत, त्यांना खुनी कोण ते कळू द्या.

आणि चौथ्या दिवशी ‘वाचलंत का’ म्हणून फोन करू नका. मी तीन महिने थांबते, मग एक मेल टाकते, दोन ओळींचा. मधल्या काळात लाल वही खाली काढायची. सध्या त्यात निसन हटाचा पत्रा उन्हात किती तापायचा यावर सहा जणांची सहा मतं आहेत आणि सातव्या बाई म्हणतात की आमच्याकडे पत्रा नव्हताच, त्यांच्याकडे परत जायचंय.