कपाशीवर मावा दिसला म्हणून लगेच पंप उचलू नका

आभाळ चार दिवस झाकोळलेलं राहिलं की मावा, तुडतुडे या रस शोषणाऱ्या किडी वाढणारच. पण पानामागं न बघता मारलेली पहिली फवारणीच पुढच्या तीन-चार फवारण्या ओढवून घेते. पीक हातचं जातं ते इथंच.

पानानं उन्हातून साठवलेली ऊर्जा रसावाटे माव्याकडं जाते, माव्यातून त्याला खाणाऱ्या ढालकिड्याकडं (लेडीबर्ड भुंगा). प्रत्येक पायरीवर साधारण दहावा हिस्साच पुढं सरकतो, बाकीचा जगण्यात खर्ची पडतो. म्हणून खाणारा कायम थोडाच असतो. विषानं दोघंही मरतात. पण माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं टाकते आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उभी राहते. ढालकिड्याला अंड्यापासून प्रौढ व्हायला तीनेक आठवडे लागतात. वाचलेल्या ढालकिड्यालाही खायला उरत नाही, तो शेत सोडतो. मग मावा परत येतो तेव्हा त्याला खाणारं कुणी नसतं.

सकाळी पान उलटून बघा. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, मगरीसारखी लांबट अळी ढालकिड्याची असते. कीड समजून ती चिरडली जाते. केसाएवढ्या दांडीवर उभी अंडी क्रायसोपाची, हाही मावा खाणारा मित्रकीटक. फुगलेला बदामी मावा म्हणजे आत परजीवी गांधीलमाशी वाढते आहे. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर सावध व्हा, मावा सोडतो त्या गोड चिकट्यासाठी त्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात.

एकरी 20 झाडं, प्रत्येकी वरचं, मधलं, खालचं पान मोजा. सरासरी एका पानावर मावा 10, तुडतुडे 2 ते 3, फुलकिडे 10, पांढरी माशी 8 ते 10 भरली तरच फवारणीचा विचार. आकडा काठावर असेल आणि दर दुसऱ्या-तिसऱ्या झाडावर ढालकिडा दिसत असेल, तर आमच्या अंदाजानं चार दिवस थांबून पुन्हा मोजावं.

फवारायचंच ठरलं तर आधी 5 टक्के निंबोळी अर्क: 5 किलो निंबोळी पावडर 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून मिसळा, एकूण 100 लिटर करा. संध्याकाळी फवारा.

दुकानदार दोन कीटकनाशकं आणि टॉनिक एकत्र करून देईल, घेऊ नका. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं तर पांढरी माशी उलट वाढवतात.

इतर कामं:
- युरिया हप्त्यानं. एकदम दिल्यास पान लुसलुशीत होतं, मावा फोफावतो
- कडेनं चवळी, मका
- तण काढणे
- पिवळे चिकट सापळे
- साचलेलं पाणी काढणे

चवळीवरचा मावा मारू नका. ढालकिडे आधी तिथंच वाढतात आणि कपाशीत उतरतात.