जुन्या ट्रकला दुसरा स्टेअरिंग कॉलम बसवताना

कापसाचा हंगाम उरकला, जिनिंगच्या फेऱ्या थांबल्या की आमच्या वणीकडे जुन्या ट्रकांची रखडलेली कामं निघतात. आमच्या बोनेटवाल्या गाडीचा कॉलम, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा आणि त्याची नळी, पार झिजला होता. मूळचा मिळेना, म्हणून नंतरच्या मॉडेलचा भंगारातून आणला.

आधी एक गोष्ट पाहून घ्या. काही जुन्या गाड्यांत स्टेअरिंगचा शाफ्ट आणि स्टेअरिंगच्या पेटीतला (गिअरबॉक्समधला) वर्म, म्हणजे आट्यांचा गिअर, हा एकच लांब दांडा असतो. तिथे नुसता कॉलम बदलत नाही, पेटीही बदलावी लागते. पुढचं सगळं शाफ्ट पेटीपासून वेगळा निघणाऱ्या गाडीसाठी.

जुना कॉलम काढण्याआधी ड्रायव्हरला सीटवर बसवून मापं घ्या: स्टेअरिंगपासून छातीचं अंतर, डॅशखालच्या क्लॅम्पची जागा, पेटीच्या स्प्लाइनपर्यंतची (शाफ्टवरच्या उभ्या दात्यांपर्यंतची) लांबी. भंगारातला शाफ्ट सपाट फरशीवर लोळवा. डुलला तर वाकडा आहे, तिथेच ठेवा. स्प्लाइनचे दाते मोजा. एका दात्याचाही फरक असला तर ठोकून बसवायचा नाही.

कॉलम थोडा आखूडच घ्या. लांब निघाला की कापून वेल्डिंग मारायचा मोह होतो. आमचे मिस्त्री त्यावर एवढंच म्हणाले, "भाऊ, दांड्याले वेल्डिंग मारू नोका. तुटला तं सांगाले कोन उरते?" उरलेली जागा दोन्ही टोकांना युजे क्रॉस (कोनात फिरणारा सांधा) असलेल्या, आत-बाहेर सरकणाऱ्या मधल्या शाफ्टने भरा. केबिन रबरावर हलते, चेसिस पिळतं, म्हणून त्याला दोन्हीकडे सरकायला वाव हवा.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, हॉर्न आणि इंडिकेटरच्या वायरींना चिठ्ठ्या बांधा. स्टेअरिंग पुलरनेच ओढा; हातोड्याचा मार थेट पेटीच्या बेअरिंगला बसतो.

आता पेटीचा मध्य. ड्रॅग लिंक (चाकांकडे जाणारा दांडा) ड्रॉप आर्मपासून (पेटीच्या हातापासून) सोडवा, नाहीतर पुढच्या चाकांचे स्टॉपर आधी लागतात आणि मोजणी चुकते. पेटी या टोकापासून त्या टोकापर्यंत अलगद फिरवा, फेरे मोजा. पाच निघाले तर अडीचवर रंगाची खूण. पुढची चाकं सरळ, पेटी मध्यावर, स्टेअरिंगचे आरे सरळ, या तिन्ही गोष्टी जुळल्यावरच जोडणी.

क्रॉसवर माझी एकदा चांगली फजिती झाली. मधल्या शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस धरणारे काटे एकाच पातळीत असावे लागतात. मी त्यातला एक काटा दोन-तीन दाते पुढे बसवला. स्टेअरिंग फिरवताना आधी जड, मग हलकं, पुन्हा जड. अर्धा दिवस पेटीला दोष देत बसलो! दोन्ही सांध्यांचे कोनही जवळपास सारखे आणि ३० अंशांच्या आत ठेवा.

क्रॉसचा कसायचा बोल्ट शाफ्टवरच्या खाचेतून आरपार जायला हवा. जात नसेल तर शाफ्ट पुरता आत बसलेला नाही. बोल्ट आणि लॉकनट नवेच वापरा. वरचा बुश ग्रीस करून क्लॅम्प आवळा, ड्रॅग लिंक जोडून तिची कॉटर पिन घाला.

पुढचा भाग जॅकवर घेऊन आधाराला घोड्या लावा आणि दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. शाफ्ट सायलेन्सरच्या पाइपला, ब्रेकच्या नळीला किंवा क्लचच्या लिंकेजला घासत असेल तर गाडी बाहेर काढू नका. पहिली फेरी रिकाम्या गाडीची, गावाबाहेरच्या रस्त्यावर, हळू. परतल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळा. आठ वर्षांवरच्या ट्रकला फिटनेस दरवर्षी लागतं, तेव्हा बदललेल्या भागांची पावती गाडीतच ठेवा.