पी०४२० कोड आला, पण कन्व्हर्टर शाबूत होता

जुनी फोर बाय फोर, चेक इंजिनचा दिवा पेटलेला, स्कॅनरवर पी०४२०, म्हणजे एक्झॉस्टमधले विषारी वायू साफ करणारा कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा इशारा. हा कोड दिसला की लोक थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला सांगतात. मी आधी दोन्ही ऑक्सिजन सेन्सरचं लाइव्ह रीडिंग पाहिलं. पुढचा, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीचा, ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये भराभर वरखाली होत होता, तसा तो व्हायलाच हवा. कन्व्हर्टर चांगला असेल तर त्याच्या मागचा मात्र जवळपास स्थिर राहतो. माझ्या गाडीतला मागचा सेन्सर आयडलला उड्या मारायचा, रेस दिली की शांत. इथेच संशय आला.

थंड इंजिन सुरू करून एक्झॉस्टच्या जोडांवर साबणाचं पाणी फवारलं. मागच्या सेन्सरच्या अलीकडच्या फ्लँजवर (पाइपच्या बोल्टने आवळलेल्या सांध्यावर) बुडबुडे, भोवती काजळीचा काळा ओघळ. दगडधोंड्यांत आपटून त्यातलं गॅस्केट (सांधा हवाबंद ठेवणारा थर) फाटलं होतं. एक्झॉस्टच्या दोन धक्क्यांमध्ये तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो.

बोल्ट इतके गंजलेले की तेल सोडून रात्रभर ठेवावे लागले. गॅस्केट आणि बोल्ट नवे टाकले. (सील करायला साधं सिलिकॉन लावू नका, त्याने सेन्सर मरतो.) आता मागचं रीडिंग ०.६५च्या आसपास टिकून आहे, कोडही परत आलेला नाही.