सिम्स ४ मध्ये घराणं चालवताय? मग या चुका टाळा

'द सिम्स ४' हा माणसांची घरं-संसार चालवायचा कॉम्प्युटर गेम. त्यातलं लेगसी चॅलेंज म्हणजे ६४ बाय ६४ चौकटींचा मोकळा प्लॉट, हातात १,८०० सिमोलियन (खेळातले पैसे) आणि तिथून एकाच घराण्याच्या दहा पिढ्या. २०२२ साली मूळ खेळ फुकट झाला आणि नवे खेळाडू धडाधड आले. त्यांचं रडगाणं मात्र ठरलेलं: "ताई, तिसऱ्या-चौथ्या पिढीतच वंश खुंटला!"

खुंटणारच, घर भरून ठेवलंय ना! एका कुटुंबात आठच जण मावतात, आणि कुत्री-मांजरंही त्या आठांतच धरतात. आपल्याला एकत्र कुटुंबाची हौस. आजी, काका, बिनलग्नाची आत्या, कुणालाच बाहेर काढवत नाही. मलाही काढवलं नव्हतं. माझ्या सरदेसायांची पाचवी पिढी, वारसदार मृणाल. तिला 'ट्राय फॉर बेबी', म्हणजे मूल होण्यासाठीचा पर्याय, काही केल्या मिळेना. मला वाटलं, मॉड (खेळाडूंनी बनवलेली जोड-फाइल) बिघडला. दोन रात्री मॉड्सचा फोल्डर अर्धा-अर्धा काढून तपासत बसले. दर वेळी खेळ चालू करायचा, थोडं खेळून बघायचं, आणि सवयीने सेव्ह करायचं. आयुर्मान 'शॉर्ट' ठेवलेलं, पिढ्या भराभर पालटाव्यात म्हणून! तिसऱ्या रात्री डोकी मोजली. माणसं सात, आठवी मनी. आत्याला मनीसकट वेगळ्या घरी धाडलं आणि परत येते तोच वय वाढल्याची चमचम उडाली, मृणालचे केस पांढरे. म्हाताऱ्या बाईला या खेळात दिवस जात नाहीत. मागे जावं तर सेव्ह एकच.

आता सातवं माणूस आलं की मी 'मॅनेज हाउसहोल्ड्स' उघडतेच. वारस सोडून बाकीच्यांचं वेगळं बिऱ्हाड. आयुर्मान 'नॉर्मल'. घाई असेल त्याने ल्युडो खेळावा.

वेगळं बिऱ्हाड केलंत की वयाचं सेटिंगही बघा. 'ऑटो एज', म्हणजे आपोआप वय वाढणं, फक्त चालू कुटुंबापुरतं असेल, तर नातीच्या लग्नाला आजोबांचा धाकटा भाऊ पंचविशीतला येतो. सगळ्यांसाठी चालू केलंत, तर तो तुमच्या नकळत मरतो. मला दुसरं चालतं. 'नेबरहुड स्टोरीज' (इतर घरांत खेळ आपणहून बदल घडवतो ते) मात्र मी अशा घरांसाठी बंद ठेवते, नाहीतर मागे वळून बघावं तर काकाने नोकरी बदललेली आणि मूल दत्तक घेतलेलं.

सेव्हचं तर सांगून घसा बसला. खेळ स्वतः मागच्या पाच प्रती ठेवतो, 'सेव्हज' फोल्डरमध्ये 'व्हर०' ते 'व्हर४' असं शेपूट असलेल्या. पण त्या शेवटच्या पाच सेव्हच्या. दोन रात्री चुकीचं सेव्ह करत बसलात, तर पाचही प्रती चुकीच्याच, माझ्या होत्या तशा. वारस तरुण झाला की मी 'सेव्ह ॲज' करते आणि नावात पिढीचा आकडा घालते. अर्धा मिनिट लागतो.

अपडेट आलं की आधी मॉड्स बाहेर काढा, मग रडा.

'मदरलोड' हा चीट कोड टाकून ५०,००० सिमोलियन फुकट घेणाऱ्यांनी मला तरी "कंटाळा येतो, काय करू" विचारू नये.

पूर्वजांच्या थडग्यावर 'नेदरवर्ल्ड'ला पाठवायचा पर्याय दिसतो, तो दाबू नका. भूत कायमचं जातं.

आणि स्वस्त शेगडी अधिक स्वयंपाक न येणारा मूळ पुरुष म्हणजे आग. आगीचा अलार्म घेईपर्यंत त्याला सॅलडवर ठेवा.