पावसाआधी गाडीचं अलाइनमेंट कसं तपासावं?

सोलापूरला एकूण पाऊस कमी, आणि त्यातला सर्वात जास्त सप्टेंबरात पडतो. मधल्या कोरड्या दिवसांत रस्त्यावर धूळ आणि गाड्यांचं गळालेलं तेल साचत जातं. सर आली की त्याचा बुळबुळीत थर होतो. शहराबाहेर तर ट्रॅक्टरच्या चाकांना चिकटलेली काळी माती डांबरावर येते. अलाइनमेंटमधला, म्हणजे चाकांच्या कोनातला, जो दोष उन्हाळ्यात जाणवतही नाही, तो अशा रस्त्यावर जिवावर बेतू शकतो. म्हणून जूनच्या आधी एकदा आणि रस्त्यांना खड्डे पडले की ऑगस्टअखेर पुन्हा, एवढी तपासणी कराच.

आधी थोडं कारण समजून घेऊ. उभं राहून दोन्ही पावलांचे अंगठे किंचित आत वळवा, तसा पुढच्या चाकांचा कल असला तर तो टो-इन; बाहेर वळलेला असला तर टो-आउट. हा कल (टो) ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की गाडी सरळ चालत असतानाही दोन्ही टायर थोडे थोडे आडवे घासत असतात. म्हणजे टायरची काही पकड यातच खर्च होते. कोरड्या रस्त्यावर पकड भरपूर असते, त्यामुळे फरक कळत नाही. ओल्यावर मुळातच ती कमी असते, आणि ऐन ब्रेकच्या वेळी तीच अपुरी पडते.

याहून वाईट प्रकार डबक्यात घडतो. दोन्ही चाकं एकमेकांविरुद्ध सारखाच जोर लावत असतात, म्हणून गाडी सरळ राहते. डावं चाक रस्त्याकडेच्या पाण्यात शिरलं की त्याची पकड सुटते आणि उजव्याचा जोर एकटा उरतो. टो-आउट जास्त असेल तर गाडी उजवीकडे, म्हणजे दुभाजकाकडे किंवा समोरच्या वाहनाकडे ओढली जाते. पुणे-हैदराबाद महामार्गाच्या वेगात हा झटका सावरायला वेळच मिळत नाही.

आता तपासणी. सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना हवा मोजा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो, तोच भरा. दोन बाजूंना हवा कमी-जास्त असेल तर पुढची सगळी परीक्षा फसते.

मग टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, एकदा आतून बाहेर, एकदा बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं बोचत असेल तर टो बिघडलाय. फक्त आतली कड झिजली असेल तर कॅम्बर (समोरून बघितल्यावर चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर झुकलेला असणं) किंवा टो-आउटकडे संशय जातो. ही कड उभ्याने दिसत नाही, तेव्हा स्टेअरिंग पूर्ण वळवून वाकून बघा. बाहेरून नवा दिसणारा टायर आतून पार गुळगुळीत निघू शकतो, आणि पाणी बाहेर टाकायला नक्षी उरलेली नसते.

त्यानंतर कोरड्या, मोकळ्या, सपाट रस्त्यावर गाडी हळू चालवा, स्टेअरिंग सैल धरा, सोडू मात्र नका. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे डावीकडे अगदी किंचित ओढ स्वाभाविक आहे. जास्त ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा (बाणाची खूण असलेले टायर असे बदलू नका). ओढीची दिशा बदलली तर दोष टायरचा. ठराविक वेगाला स्टेअरिंग थरथरत असेल तर बहुतेक वेळा ते बॅलन्सिंगचं (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करण्याचं) काम असतं.

वर्कशॉपमध्ये मशीनवर घेण्याआधी टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश (स्टेअरिंग आणि सस्पेन्शनचे सांधे) हलवून तपासायला सांगा. ते सैल असताना केलेलं अलाइनमेंट पुढच्या खड्ड्यात बिघडणार, पैसे फुकट. डिकीतलं जड सामान आधी उतरवा. कामाआधीचा आणि नंतरचा, दोन्ही प्रिंटआउट मागून घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत फक्त पुढचा टो बदलता येतो. तिथे कॅम्बर मर्यादेबाहेर दिसला तर एखादा भाग वाकलेला असू शकतो, तो शोधायला लावा.

गाडीला ईएससी (गाडी घसरू लागली की आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असेल तर स्टेअरिंग सेन्सरचा शून्य बिंदू बरोबर आहे का, तेही स्कॅनरवर बघून घ्या. तो चुकला तर गाडी सरळ असतानाही यंत्रणेला ती वळतेय असं वाटू शकतं.

अलाइनमेंट झिजलेला टायर मात्र वाचवू शकत नाही. कायद्याने नक्षीची किमान खोली १.६ मिमी आहे. खोबणीतल्या उंचवट्याशी नक्षी समपातळीत आली की ती मर्यादा गाठली. पावसासाठी ३ मिमीलाच टायर बदला, असं माझं ठाम मत आहे. चारही एकदम परवडत नसतील तर नवी जोडी मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्या वळणावर मागची पकड आधी सुटली तर गाडी गरकन फिरते, आणि ती सावरणं फार कठीण असतं.