जुनं घर घेताय? इसार द्यायच्या आधी सह्या मोजा

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया आली की जळगाव-धुळ्याकडे घरांचे सौदे एकदम वाढतात, मुहूर्त चांगला असतो, सुरत-नाशिक-पुण्याला गेलेली माणसं गावी आलेली असतात, आणि चहा पिता पिता कोणीतरी म्हणतं, "भाऊ, कागद बठ्ठा बराबर शेतस, तू फक्त इसार दे." (कागद सगळे बरोबर आहेत, तू फक्त सौद्याची आगाऊ रक्कम दे.) माझं कळकळीचं सांगणं एवढंच आहे की तिथे बसून पाच हजार पण काढू नका. आधी बघा की या घरावर कोणाकोणाची सही लागते. किंमत, पार्किंग, बोअरचं पाणी सगळं नंतर.

आमच्या घरात हे भोगून झालंय म्हणून सांगतो. २०२२ साली वडिलांनी जळगावात एक जुनं बैठं घर पसंत केलं, २२ लाखांत सौदा ठरला, दोन लाख इसार दिला, नोटरीवर पावती केली. विकणारे दोघं भाऊ, खरंच सरळ माणसं, फसवायचा विचार त्यांच्या मनात पण नव्हता. खरेदीला आठ दिवस राहिले आणि कळलं की त्यांचे वडील वारल्यावर वारस नोंद लावताना दोघा भावांचीच नावं लावली होती, बहिणीचं नाव घातलंच नव्हतं. ती सुरतला दिलेली आणि भावांशी बोलणं बंद. सात महिने गेले. आई रोज रात्री विचारायची, पैसे परत तरी मिळतील का? शेवटी भावांनी बहिणीला तिचा हिस्सा दिला, ती आली आणि सही केली. तिचं काहीच चुकलं नव्हतं, हक्क तिचाच होता, चूक आमची की आम्ही आधी विचारलंच नाही.

मग सह्या कशा मोजायच्या

घर आजोबा-वडिलांकडून आलेलं असेल तर तलाठ्याकडून किंवा सिटी सर्व्हे ऑफिसातून वारस नोंदीचा फेरफार (नाव बदलाची सरकारी नोंद) काढा आणि विकणाऱ्याच्या समोर बसून घरातली सगळी माणसं कागदावर लिहून घ्या. आई हयात आहे का, किती भाऊ, किती बहिणी, त्यातलं कोणी वारलं असेल तर त्यांची मुलं. मग ही यादी आणि फेरफारातली नावं जुळवा. एक जरी नाव कमी असेल तरी थांबा.

"बहिणीच्या लग्नात खर्च केला, तिचा काय संबंध" असं आपल्याकडे अजून सर्रास बोलतात, पण कायदा तसं म्हणत नाही. हिंदू कुटुंबात वडिलांची स्वकष्टाची मिळकत असेल आणि मृत्युपत्र नसेल तर मुलगी १९५६ च्या वारसा कायद्यापासूनच वारस आहे. वडिलोपार्जित मिळकतीत २००५ च्या दुरुस्तीने तिला मुलाइतकाच हक्क मिळाला, आणि २००५ ला वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. बहिणीला खरंच हिस्सा नको असेल तर तिने भावांच्या नावे हक्कसोड पत्र करून द्यायचं, पण ते रजिस्टर झालेलं पाहिजे, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर घरी लिहिलेलं चालत नाही. नाहीतर सरळ खरेदीखतातच तिची सही घ्या, माझ्या मते हेच सगळ्यात पक्कं. आखाजीला बहिणी माहेरी आलेल्या असतात तेव्हा हे काम होऊन जातं. जिला येणं शक्यच नाही ती आपल्या गावच्या सब रजिस्ट्रारसमोर मुखत्यारपत्र (आपल्या वतीने सही करायचा अधिकार) करून देऊ शकते.

मुखत्यारपत्राचा विषय निघालाच आहे तर अजून एक. नुसतं मुखत्यारपत्र आणि नोटरीवरचं साठेखत (पुढे विकण्याचा करार) हातात घेऊन घर "आपलं" समजणारी खूप माणसं आहेत, त्याने मालकी येत नाही, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय. मालकी येते ती रजिस्टर खरेदीखताने.

कागद बघताना

शहरात सिटी सर्व्हे झालेला असेल तर मालमत्ता पत्रक, गट नंबरची जागा असेल तर सातबारा, गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८. पण नमुना ८ काय आणि घरपट्टीची पावती काय, ती कर आकारणीसाठी असते, मालकीचा पुरावा म्हणून त्यावर विसंबू नका, मागची खरेदीखतं मागा.

सातबारा ऑनलाईन डिजिटल सहीचा १५ रुपयात निघतो, विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका, स्वतः ताजा काढा. त्यात दोन ठिकाणी नीट नजर टाका. एक म्हणजे इतर हक्काचा रकाना, तिथे बँकेचा, पतसंस्थेचा, विकास सोसायटीचा कर्जाचा बोजा लिहिलेला असतो, "ते तर कधीच भरलं" असं म्हणाले तरी बोजा कमी झाल्याचा फेरफार बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. दुसरं म्हणजे भोगवटादार वर्ग. वर्ग १ असेल तर सहसा अडचण नाही, वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि नंदुरबार जिल्ह्यात, साक्री-शिरपूरकडे, चोपडा-यावलच्या सातपुड्याच्या पट्ट्यात जागा आदिवासी खातेदाराची असेल तर बिगर आदिवासीला ती कलेक्टरच्या आधीच्या परवानगीशिवाय घेताच येत नाही. असा सौदा कितीही स्वस्त मिळाला तरी हात लावू नका, जमीन परत जाते आणि ती परत जावी हेच बरोबर आहे.

गावाबाहेर शेतात चुन्याच्या रेषा मारून, दगड रोवून प्लॉट विकतात तिथे जमीन बिगरशेती (एनए) झाल्याचा कागद आणि मंजूर ले-आऊटचा नकाशा मागा. ले-आऊटमध्ये ओपन स्पेस दाखवलेली जागाच प्लॉट म्हणून विकत नाहीयेत ना हे नकाशावर बोट ठेवून बघा.

यानंतर वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मागच्या नोंदणी झालेल्या व्यवहारांची तपासणी. वकील तुमचा स्वतःचा पाहिजे, एजंटने आणलेला नको. त्यालाच पेपरात जाहीर नोटीस द्यायला सांगा, हरकतीला पंधरा दिवस द्या. आमच्या बाबतीत ही नोटीस इसाराच्या आधी दिली असती तर सात महिने वाचले असते.

नवीन फ्लॅट बिल्डरकडून घेत असाल तर महारेराचा (बिल्डरांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) नंबर टाकून प्रोजेक्ट बघा, आणि रजिस्टर करार केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही एवढं ध्यानात ठेवा.

पैसा

सगळं जुळलं की साठेखत करा, त्यात सगळ्या वारसांची नावं, चतुःसीमा (चारी बाजूंना काय आहे ते), उरलेले पैसे कधी आणि कसे, आणि सौदा मोडला तर इसाराचं काय होणार हे लिहा. शक्यतो रजिस्टरच करा. पैसे चेकने किंवा आरटीजीएसने द्या, घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्यापेक्षा जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

मुद्रांक शुल्क जळगाव-धुळे मनपा हद्दीत अधिभार धरून साधारण ६ टक्के धरून चाला, ग्रामपंचायत हद्दीत थोडं कमी. हे तुमची किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला दर) यातलं जे जास्त त्यावर लागतं. राहतं घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट आहे, आम्ही आईच्या एकटीच्या नावावर घेतलं, २२,००० वाचले. नोंदणी फी १ टक्का, पण ३०,००० च्या वर नाही. व्यवहार ५० लाख किंवा जास्तीचा असेल तर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या पैशातून १ टक्का कर (टीडीएस) कापून सरकारकडे भरायचा, हे खूप जण विसरतात.

विकणाऱ्यांसाठी पण थोडं. घर दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तुमच्याकडे असेल तर फायद्यावर १२.५ टक्के कर आहे, २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर जुन्या पद्धतीने, खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून २० टक्के कराने पण हिशोब करता येतो. दुसरं घर घेतलं तर सूट मिळते. सीएला आधी विचारा, पैसे खर्च झाल्यावर नको.

खरेदीच्या दिवशी आणि नंतर

खरेदीखताचा मसुदा आदल्या दिवशीच घरी आणून मोठ्याने वाचा. आम्ही वाचला तेव्हा चतुःसीमेत पूर्व-पश्चिम उलटं पडलेलं सापडलं, पूर्वेला रस्ता पाहिजे तिथे शेजाऱ्याचं घर लिहिलेलं. एक ओळ, पण नंतर दुरुस्तीला परत सगळ्या वारसांना गोळा करावं लागलं असतं. आधार आणि पॅन ओरिजिनल न्या, ओळखीचे दोन साक्षीदार न्या. कॅमेऱ्यात फोटो आणि अंगठा होतो, पूर्ण रक्कम मिळाली का असं विचारतात, तिथे खरं तेच सांगा. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला हजर करावा लागतो.

ऑफिसातून निघताना सूची २ (दस्त नोंदवल्याचा उतारा) घ्या. तिथे काम संपलं असं समजू नका, फेरफार व्हायचा बाकी असतो. नोटीस निघते, १५ दिवसात हरकत नाही आली तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मधे कुठे अडकली तर चौकशी तुम्हालाच करावी लागते. ताज्या उताऱ्यावर आपलं नाव दिसलं की तोच घेऊन घरपट्टी, नळ आणि महावितरणच्या मीटरवर नाव बदलून घ्या.